लेकराची सुई : काचेच्या सिरिंजपासून पंपापर्यंत

हातातलं काम सोडू नका. निवडणं-टिपणं चालू द्या, कान तेवढा इकडे द्या.

मागे आपण साखरेच्या आजारावर बोललो, तेव्हा बरेच फोन आले. बहुतेक फोन सासू-सासऱ्यांच्या शुगरबद्दल होते. एक मात्र वेगळा होता. त्या ताईंच्या पाच वर्षांच्या मुलीला इन्सुलिनचा पंप लावलाय. ताई म्हणाल्या, "आधी दिवसाला चार सुया होत्या. आता तिसऱ्या दिवशी एकदा नळी बदलायची, एवढंच. पण त्या एका टोचणीसाठी पोरगी पलंगाखाली जाऊन बसते. दोघांनी धरावं लागतं. एवढं महागाचं मशीन आणलं, तरी रडणं का थांबत नाही?"

मी डॉक्टर नाही. पण हा प्रश्न पंपाचा नाही, हे मला नक्की ठाऊक आहे. इन्सुलिनचं औषध जितकं जुनं, तितकाच हा प्रश्न जुना आहे. म्हणून आज आपण जरा मागे जाऊ. औषध कुणी शोधलं ते पुस्तकांत सापडतं. ते औषध घरातल्या लहान लेकराच्या अंगात रोज कसं गेलं, कुणी घातलं, पोरानं ते कसं सोसलं, हा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. तो मुख्यतः आयांचा इतिहास आहे.

आधी आजार समजून घेऊ. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. तो इन्सुलिन बनवतो. इन्सुलिन असलं तरच खाल्लेल्या अन्नातली साखर अंगी लागते. काही मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात आणि ते बनणं थांबतं. याला टाइप १ मधुमेह म्हणतात. पोर सारखं पाणी मागतं, सारखं लघवीला जातं, मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. खातं, तरी वाळत जातं. हा आजार गोड खाल्ल्यानं होत नाही. डोहाळ्यांत आईनं काय खाल्लं, याचाही त्याच्याशी संबंध नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे पोराचा रिपोर्ट आला की घरातले सगळे पहिल्यांदा आईकडेच बघतात.

१९२२ च्या आधी या आजाराला औषध नव्हतं. झालेलं मूल वर्ष-दोन वर्षांत जायचं. अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन नावाचे डॉक्टर होते, त्यांनी एक उपाय काढला होता. उपाय कसला, उपासमारच ती. मुलाला इतकं कमी खायला द्यायचं की रक्तात साखर वाढूच नये. भाज्या तीन-तीन वेळा उकळायच्या, दर वेळी पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यांत काही सत्त्वच उरत नाही. तो चोथा मुलाला द्यायचा. त्यानं मूल काही महिने, कधी काही वर्षं जास्त जगायचं. पण कसं? हाडांचा सापळा होऊन. कल्पना करा, दारात भुकेलं लेकरू भाकरी मागतंय आणि आईनं ती फडताळात कुलपात ठेवायची. अॅलन डॉक्टरांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. आणि त्या उपासांवर तग धरलेली काही मुलं इन्सुलिन येईपर्यंत टिकली, हेही खरं.

इन्सुलिन आलं कॅनडा देशातल्या टोरांटो शहरातून. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात, मॅक्लाउड या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत, कुत्र्यांवर प्रयोग केले. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. ती फसली. औषध शुद्ध नव्हतं, साखर फारशी उतरली नाही आणि सुई दिली तिथे गळू झालं. मग कॉलिप नावाच्या रसायनतज्ज्ञानं औषध शुद्ध करून दिलं आणि २३ जानेवारीपासून पुन्हा सुया सुरू झाल्या. पोरगा उठून बसला. पहिल्या सुईचा तो फोड मला फार महत्त्वाचा वाटतो. औषध गुणकारी असणं वेगळं, आणि ते अंगात ज्या जागेतून जातं ती जागा धड राहणं वेगळं. पुढची शंभर वर्षं त्या जागेचीच काळजी चालू आहे.

आता टेडी रायडरची गोष्ट ऐका, कारण तो आपल्या ताईंच्या मुलीएवढाच होता. जुलै १९२२ मध्ये अमेरिकेतून त्याची आई त्याला टोरांटोला घेऊन आली, तेव्हा तो अजून सहा वर्षांचाही झाला नव्हता. वजन सव्वीस पौंड, म्हणजे बारा किलोच्या आसपास. आपल्या अंगणवाडीच्या काट्यावर दोन वर्षांचं बाळ भरतं तेवढं. त्याचे काका डॉक्टर होते. त्यांनी बँटिंग यांना गळ घातली. औषध फार थोडं बनत होतं, म्हणून बँटिंग म्हणाले, सप्टेंबरमध्ये आणा. काकांनी सांगितलं की सप्टेंबरपर्यंत हा मुलगा राहणार नाही. मग त्याला लगेच बोलावलं. टेडीला इन्सुलिन मिळालं आणि तो भरू लागला. घरी गेल्यावर त्यानं पोरसवदा अक्षरात बँटिंगना पत्र लिहिलं. आपण आता जाडे झालोय, झाडावरही चढता येतं, अशी बातमी त्यात होती. तो १९९३ पर्यंत जगला. सत्तर वर्षांहून जास्त काळ त्यानं इन्सुलिन घेतलं.

हे वाचून आपल्याला हायसं वाटतं आणि आपण गोष्ट तिथेच संपवतो. पण जरा हिशेब करा. दिवसाला दोन सुया धरल्या तरी वर्षाच्या सातशेच्या वर होतात. टोरांटोला डॉक्टर होते, परिचारिका होत्या. घरी गेल्यावर कोण होतं? सकाळी सहाला, थंडीत, झोपेतून उठवून पाच-सहा वर्षांच्या पोराची मांडी उघडी करायला कोण होतं? घरचीच माणसं.

आणि ती सुई आजच्यासारखी नव्हती. सिरिंज काचेची, सुई पोलादाची, जाड आणि लांब. सुई फेकायची नाही, तीच पुन्हा वापरायची. रोज पातेल्यात पाणी उकळून सिरिंज आणि सुई त्यात टाकायची. काच तडकू नये म्हणून जपायचं. सुई बोथट झाली की दगडावर घासून धार लावायची, जशी आपण विळीला लावतो. सुईच्या पोकळीत बारीक तार घालून ती मोकळी करायची. हे स्वयंपाकघरात चालायचं, चहाच्या आणि दुधाच्या भांड्यांशेजारी. सुईला नीट धार लावली नाही तर त्याचा त्रास कुणाला, ते आईला पहिल्या टोचणीलाच कळायचं. सुरुवातीचं औषधही कमी ताकदीचं, त्यामुळे एका वेळी भरपूर टोचावं लागायचं. जागा सुजायची, दुखायची.

मुलं ओरडत असणार, पळत असणार. पलंगाखाली जाऊन बसतही असणार. जगात कुठलंही लेकरू सुईला हसत सामोरं जात नाही.

याच वेळी टोरांटोला एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी आली. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. पण आजार मंत्र्याचं घर बघत नाही. अकराव्या वर्षी निदान झालं. अॅलन डॉक्टरांच्या उपासांवर ती तीन वर्षं जगली. ऑगस्ट १९२२ मध्ये बँटिंगसमोर आली तेव्हा वयात आलेल्या त्या मुलीचं वजन पंचेचाळीस पौंड, वीस किलोच्या जवळ होतं. आई तिला सोडून गेली, सोबत एक परिचारिका राहिली. एलिझाबेथ आईला, 'मम्सी'ला, टोरांटोहून पत्रं लिहायची. ती पत्रं आजही टोरांटो विद्यापीठानं जपून ठेवली आहेत. खाण्याचा आनंद त्यांत ओसंडून वाहतो.

टोरांटोत असतानाच ती स्वतःची सुई स्वतः घ्यायला शिकली. हे त्या काळी नवं होतं. सुई ही डॉक्टरनं द्यायची गोष्ट, अशी रीत होती. पण जन्मभर रोज घ्यायचं औषध डॉक्टर कसा देणार? म्हणून इन्सुलिननं सुई दवाखान्यातून घरात आणली आणि घरातून रुग्णाच्या स्वतःच्या हातात दिली. आपल्या हातानं टोचलेलं कमी दुखतं का? दुखतं तेवढंच. पण कधी टोचायचं, कुठे टोचायचं, एक श्वास थांबून टोचायचं का, हे आपल्या हाती राहतं. दुसऱ्यानं धरून टोचलं की दुखण्यात भीतीची भर पडते. पुढच्या साऱ्या इतिहासात मला हीच एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. मुलाच्या हातात काहीतरी दिलं की भीती उतरते. सगळं काढून घेतलं की ती चढते.

एलिझाबेथची आणखी एक बाजू आहे, ती आपल्याला फार ओळखीची वाटेल. तिचं लग्न झालं, तीन मुलं झाली, १९८१ साली त्र्याहत्तराव्या वर्षी ती वारली. तोवर तिनं सुमारे बेचाळीस हजार सुया घेतल्या असा हिशेब मांडला जातो. पण आपल्याला हा आजार आहे, हे तिनं जवळजवळ जन्मभर लपवलं. मैत्रिणींनाही कळू दिलं नाही. मंत्र्याची मुलगी, शिकलेली, पैसेवाली, अमेरिकेतली. तिला लपवावंसं वाटलं, तर आपल्याकडे "मुलगी आहे, उद्या लग्न कसं व्हायचं" म्हणून लपवणाऱ्या आईला मी कशी नावं ठेवू? फक्त एवढंच सांगते, की लपवण्याची किंमत मूल मोजतं. शाळेत चक्कर आली तर बाईंना साखर द्यायचं सुचत नाही, कारण बाईंना माहीतच नसतं.

लपवण्याच्या उलट काम त्याच काळात काहींनी केलं. अमेरिकेत बॉस्टन शहरात एलियट जॉस्लिन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी रुग्णांसाठी साध्या भाषेत पुस्तक लिहिलं, तेही इन्सुलिनच्या आधी, १९१८ साली. त्यांचं म्हणणं असं की या आजारात घरच्यांना शिकवलं नाही तर डॉक्टरचा उपयोग नाही. त्यांनी परिचारिका खास तयार केल्या. त्या रुग्णांना आणि आयांना वजन-माप, सुई, लघवीची तपासणी शिकवायच्या, गरज पडली तर घरी जाऊनही. आपल्या आशाताई दारोदार जातात ना, तसंच काहीसं. मग मुलांची शिबिरं सुरू झाली. मिशिगनमध्ये १९२५ साली, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १९३२ साली मुलींसाठी खास शिबिर, क्लारा बार्टन यांच्या जन्मगावी. तिथे काय व्हायचं? घरी एकटीच सुई घेणारी मुलगी सकाळी बघायची की रांगेत बसलेल्या सगळ्याच सुई घेतायत. तिच्याहून लहान मुलगी स्वतः टोचून घेतेय. आई महिनाभर समजावून जे होत नाही, ते शेजारच्या पोरीकडे बघून एका सकाळीत होतं. तुम्हाला वेगळं सांगायला नको, बचत गटात पहिल्यांदा बँकेत सही करायला आपण अशाच एकमेकींकडे बघून शिकलो.

पुढची पन्नास वर्षं भराभर सांगते. लघवीत साखर किती, ते बघायला निळं द्रावण घालून परीक्षानळी उकळायची. रंग हिरवा, पिवळा, विटकरी होत जायचा. विटकरी म्हणजे धोका. १९५६ साली हेलन फ्री या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं नुसती बुडवून रंग बघायची पट्टी काढली, आणि आईच्या मागची एक उकळाउकळी गेली. एकदा वापरून फेकायच्या सिरिंज आल्या, दुसरी उकळाउकळी गेली. १९८५ मध्ये पेनासारखं दिसणारं इंजेक्शन आलं. सुया केसासारख्या बारीक झाल्या. बोटातून थेंबभर रक्त काढून घरीच साखर बघता येऊ लागली. म्हणजे एक टोचणी बारीक झाली आणि दुसरी नव्यानं आली. आतापर्यंत औषध गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत होते, ते १९८२ पासून जंतूंकडून बनवून घेतलेलं, माणसाच्या इन्सुलिनसारखं मिळू लागलं.

आता पंप. शरीर इन्सुलिन दिवसभर थेंबथेंब सोडतं, जेवलो की जास्त सोडतं. दिवसातून दोनदा भसकन टोचलेलं औषध तसं वागत नाही. म्हणून थेंबथेंब सोडणारं यंत्र करावं, अशी कल्पना निघाली. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत लॉस एंजेलिसमध्ये आर्नल्ड कॅडिश यांनी असं यंत्र बनवलं. ते पाठीवर सैनिकाच्या पिशवीसारखं घ्यावं लागायचं. घरात कोण वापरणार? पुढे डीन कॅमन या तरुणानं अंगावर वागवता येईल असा छोटा पंप काढला. १९७८ साली लंडनमध्ये जॉन पिकप, हॅरी कीन आणि त्यांच्या सोबत्यांनी कातडीखाली सुई ठेवून सतत इन्सुलिन देऊन दाखवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी लहानपणी मधुमेह झालेल्या रुग्णांवर तेच केलं. साखर आटोक्यात आली.

पण त्या पहिल्या पंपांची सुई पोलादाचीच होती आणि ती कातडीत तशीच राहायची. चालताना, वाकताना टोचायची. मोठं माणूस सोसेल. रांगणारं, धावणारं, लोळणारं पोर कसं सोसणार? मऊ प्लास्टिकची नळी आली तेव्हा ते जमू लागलं. सुई फक्त नळीला कातडीत नेते, लगेच बाहेर येते. आत राहते ती मऊ नळी, वरून चिकटपट्टी. तरीही लहान लेकरांना पंप लावायला डॉक्टर बरीच वर्षं बिचकत होते. आता काही देशांत दोन-तीन वर्षांच्या मुलांनाही तो सर्रास लावतात. साखर मोजणारा सेन्सर आणि पंप एकमेकांशी बोलून औषध कमीजास्त करतात, असे पंपही २०१६ नंतर आले.

म्हणजे बघा, शंभर वर्षांत सुई बारीक झाली, टोचण्या कमी झाल्या. पण कुठल्याही यंत्रानं टोचणी पूर्ण संपवली नाही. मऊ नळी दोन-तीन दिवसांत बदलावी लागते, नाहीतर जागा लाल होते, नळी तुंबते, औषध नीट जात नाही. आणि खरं सांगू का, रोज चार वेळा टोचून घेणाऱ्या पोराला सवय असते. तीन दिवसांनी एकदाच टोचायचं म्हटलं की मधले दोन दिवस त्याची धास्ती साठत जाते. ताईंच्या मुलीचं मला असंच काहीसं वाटतं. टोचण्या कमी झाल्या म्हणजे भीती तेवढ्याच मापानं कमी होते, असं नाही.

या भीतीचं पाणी आपणच घालतो, तेही बोलायला हवं. "गप्प बस, नाहीतर डॉक्टर येऊन सुई टोचेल." आपल्या किती घरांत हे रोज म्हटलं जातं! सुई म्हणजे शिक्षा, हे आपण पोराला दुधाबरोबर पाजतो. मग ज्या पोराला सुईवरच जगायचं आहे, त्यानं काय समजायचं? मी काय गुन्हा केला म्हणून ही शिक्षा? ज्या घरात असं मूल आहे, तिथे हे वाक्य बंद करा. आजीलाही सांगा, मामालाही सांगा. "दुखणारच नाही" असंही म्हणू नका. दुखतं. एकदा खोटं कळलं की पुढच्या वेळी तुमचं काहीच खरं वाटत नाही. "चिमटा बसल्यासारखं होईल, तीन मोजेपर्यंत संपेल," असं सांगा आणि तीनवरच संपवा. चार नाही.

बाकीचं शहाणपण आया आणि परिचारिका इतक्या वर्षांत शिकत आल्या, ते असं. नळी बदलायची वेळ ठरलेली असू द्या, पण सकाळपासून "आज बदलायचंय हं" म्हणून टोचणी लावू नका. थोडा वेळ आधी सांगितलं की पुरे. बदलायचं की नाही, हे मुलाला विचारायचं नाही, कारण त्याला दोनच उत्तरं आहेत आणि एक आपल्याला चालणार नाही. डावीकडे की उजवीकडे, हे विचारा. मांडीवर बसून की आजीला टेकून, हे विचारा. चिकटपट्टीचा कागद त्यानं सोलायचा, कापूस त्यानं धरायचा. थोडं मोठं झालं की नळी बसवायच्या यंत्राचं बटणही त्यालाच दाबू द्या. आडवं पाडून दोघांनी धरण्यापेक्षा कुशीत घट्ट घेऊन बसलं तर मूल कमी घाबरतं. त्या क्षणी फुंकर मारायला लावा, साबणाचे फुगे, पिसाचं मोराचं काहीही. फुंकर मारताना श्वास सुटतो आणि अंग सैल पडतं. अंग ताठ असलं की जास्त दुखतं.

कातडी बधिर करायचं मलम मिळतं. हा शोध स्वीडनचा, १९८० नंतर तो दवाखान्यांत आला. ते लावून साधारण तासभर थांबावं लागतं, घाईनं काम होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि तेवढंच लावा. लहान मुलाला जास्त लावणं बरं नाही. ते नसेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फाचा खडा थोडा वेळ धरा आणि जागा कोरडी करून मग पुसा. बरीच मुलं टोचण्यापेक्षा जुनी पट्टी ओढायला जास्त रडतात. पट्टीच्या कडेला खोबरेल तेल लावून मऊ करा, मग हळू सोला. नवी पट्टी चिकटवायच्या जागी मात्र तेलाचा थेंब राहू देऊ नका.

आता दोन गोष्टी जिवाच्या आहेत, नीट ऐका. पहिली, जागा बदलणं. एकाच जागी पुन्हापुन्हा नळी घातली की तिथे कातडीखाली चरबीची मऊ गाठ येते. तिथे दुखत नाही, म्हणून पोर म्हणतं, "तिथेच घाल." आईलाही वाटतं, रडत नाही ना, मग तिथेच. पण गाठीतून औषध नीट पसरत नाही. साखर कधी चढते, कधी अचानक उतरते, आणि कारण सापडत नाही. म्हणून मुलाला बाजू निवडू द्या, गाठ आलेली जागा नाही. लहान मुलांच्या अंगावर मांस थोडं, म्हणून कुल्ल्यांचा वरचा भाग बरा पडतो, शिवाय तिथे त्यांना सुई दिसत नाही. कुठल्या तारखेला कुठे, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट रात्रीची. पंपात फक्त लवकर ओसरणारं इन्सुलिन असतं. नळी दुमडली, निसटली, तर काही तासांतच अंगात औषध उरत नाही. म्हणून झोपायच्या तोंडावर नळी बदलू नका. दिवसा बदला आणि दीड-दोन तासांनी साखर बघा. साखर चढतच राहिली, पोटात दुखतंय, उलट्या होतायत, श्वास जोरात चाललाय, तर पंपावर विसंबू नका. अशा वेळी काय आणि किती द्यायचं, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, तसं सिरिंजनं औषध द्या आणि दवाखाना गाठा. पंप असला तरी घरात सिरिंज किंवा पेन कायम हवं. शंभर वर्षांची जुनी सुई अजून निवृत्त झालेली नाही.

आपल्यापैकी बहुतेक घरांत पंप नाही, हे मला माहीत आहे. त्याची किंमत लाखांत जाते आणि दर महिन्याचा नळ्यांचा खर्च वेगळा. आपली बहुतेक मुलं आजही सिरिंज किंवा पेनवर आहेत, आणि त्यावर मोठी होतायत, शिकतायत. टेडी रायडर तर काचेच्या सिरिंजवर वाढला. मी वर सांगितलं त्यातलं बाजू निवडणं, फुंकर, खरं बोलणं, गाठीची जागा टाळणं, हे सगळं सिरिंजलाही लागू आहे. फक्त सुया जास्त, म्हणून आईचा धीरही जास्त लागतो. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था अशा मुलांसाठी बरीच वर्षं काम करतेय. खेड्यापाड्यांतल्या आयाबापांना तिथे समजावून शिकवतात, मुलं एकत्र येतात. बॉस्टनमध्ये जे सुरू झालं, ते असं आपल्या दाराशी आलंय. तुमच्या जिल्ह्यात अशी सोय कुठे आहे, ते जिल्हा रुग्णालयात आशाताईंमार्फत विचारा.

शेवटी बाहुलीचं सांगते. १९९० नंतर अमेरिकेत एका मधुमेही मुलाच्या आईनं मुलासाठी एक कापडी अस्वल तयार केलं. जिथे जिथे सुई द्यायची, तिथे तिथे त्याच्या अंगावर रंगीत ठिगळं शिवली. पोरगा आधी अस्वलाला सुई द्यायचा, मग स्वतः घ्यायचा. पुढे ते अस्वल हजारो मुलांकडे गेलं. आपल्या गटात तर गोधड्या शिवणारे हात आहेत. जुन्या साडीची, चिंध्या भरलेली बाहुली करायला एक दुपार पुरते. दंड, मांड्या, पोट आणि कुल्ले यांवर प्रत्येकी वेगळ्या रंगाचं ठिगळ लावा, दोन्ही बाजूंना. पोटावर बेंबीसाठी एक बटण लावा, म्हणजे बेंबीपासून दोन बोटं दूर टोचायचं हे मुलाला समजतं. पंप असेल तर लोकरीच्या धाग्याला काड्यापेटी बांधून तिच्या कमरेला अडकवा. खरी सुई बाहुलीत घालू नका, वापरलेली तर मुळीच नाही. सुई काढलेली रिकामी सिरिंज चालेल. आधी बाहुलीची नळी बदलायची, तीही मुलानंच. बाहुली रडली तर तिला काय सांगायचं, ते त्याला विचारा आणि ऐका. त्याला स्वतःला काय ऐकायचंय, तेच तो तिला सांगत असतो.